रस्त्यापलीकडची जागा

मोटार कामगारांच्या युनियन हॉलच्या आवारात शिरताना उजव्या हाताला जो फलक लागतो, तो ऑगी पावलिकने स्वतः रंगवला होता. परकी गाडी आत आणू नये, आणल्यास उचलून नेली जाईल, एवढाच मजकूर. पण अक्षरे अशी ठसठशीत, की देवाने दगडावर आज्ञा कोरताना तरी इतका हात स्थिर ठेवला असेल की नाही, शंकाच आहे. ऑगीची उभी हयात गावातल्या मोटारीच्या कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर तो दर शुक्रवारी, हॉलमध्ये तळलेल्या माशांचे जेवण असे तेव्हा, केशरी जाकीट चढवून त्या फलकाशी उभा राहू लागला. येणाऱ्या गाडीवरचे नाव वाचायचे, देशी, म्हणजे अमेरिकी, कंपनीचे असले तर प्रवेशाला आडवी लावलेली साखळी सोडायची, नसले तर रस्त्यापलीकडे बोट दाखवायचे. तिकडे बंद पडलेल्या एका वाणसामानाच्या दुकानाचे ओसाड आवार होते. पाहुणा असो की पाद्री, त्याने गाडी तिथे लावायची आणि चालत यायचे.

दरम्यान कंपनीने गावातला कारखाना बंद केला, यंत्रे उखडून दक्षिणेला सीमेपार नेली आणि जाहिरातींतून पूर्वीपेक्षा मोठे झेंडे फडकवले. देशप्रेम ही वस्तू मालकाला विकता येते, कामगाराला मात्र ती विकतच घ्यावी लागते. हा व्यापाराचा साधा नियम गावात कोणी उच्चारला नाही. मालक हाताच्या टप्प्यात नव्हते, शेजाऱ्याची गाडी होती. म्हणून पहारा गाडीवर बसला.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस ऑगीची जुनी गाडी गेली. बर्फ वितळावा म्हणून ओहायोतल्या रस्त्यांवर जे मीठ टाकतात, त्याने तिचा सांगाडा खालून पोखरला होता. गॅरेजवाल्याने ती जॅकवर घ्यायलाही नकार दिला. उचलली तर दोन तुकडे हातात येतील म्हणाला. नवी गाडी घेणे भाग होते, आणि ती अमेरिकेत बनलेलीच असणार, याबद्दल ऑगीच्या मनात शंका नव्हती. अमेरिकेत बनलेली म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न त्याला आयुष्यात प्रथमच पडला, आणि त्याचे कारण त्याची मुलगी डेनीस होती.

गेल्या वर्षी ऑगीची बायको इर्मा वारली. दफनानंतरचे जेवण हॉलमध्येच होते. डेनीस आली ती स्वतःच्या गाडीने. दोन तासांच्या अंतरावर, याच राज्यात, एका परक्या नावाच्या कंपनीचा कारखाना आहे. ती तिथे कामाला आहे आणि तिथलीच गाडी चालवते. ऑगी काळा सूट घालून दाराशी लोकांचे सांत्वन स्वीकारत उभा होता. अंगात केशरी जाकीट नव्हते. तरीही गाडीचे नाव दिसताच त्याचा हात आपोआप उठला आणि बोट रस्त्यापलीकडे गेले. डेनीसने काच खाली केली नाही. तिने गाडी ओसाड आवारात लावली आणि आईच्या पद्धतीने केलेल्या कोबीच्या भरल्या पानांचे भले मोठे भांडे दोन्ही हातांत धरून ती चिखलबर्फातून रस्ता ओलांडून आली. भांडे टेबलावर ठेवले, सगळ्यांना वाढले, स्वतः काही खाल्ले नाही. त्यानंतर तिने बापाच्या घरी पाऊल ठेवले नव्हते. फोन येई, पण त्यात हवामान असे, तब्येत असे, आणि शेवटी एक सभ्य शांतता असे.

ईस्टर तोंडावर आला होता. ती या वर्षीही आली नाही, तर मग कधीच येणार नाही, हे ऑगीला कोणी सांगावे लागले नाही.

तो आधी आपल्याच कंपनीच्या शोरूममध्ये गेला. विक्रेत्या तरुणाने त्याला एक आटोपशीर, बेताच्या उंचीची गाडी दाखवली. ऑगीचा डावा गुडघा कारखान्यातच गेलेला. तिच्यात बसणे सोपे होते. समोरच्या काचेवर झेंडा चिकटवलेला होता. ऑगी वाकला आणि काचेच्या कोपऱ्यातला क्रमांक त्याने वाचला. त्या क्रमांकाचा पहिला आकडा गाडीची जन्मभूमी सांगतो: एक, चार किंवा पाच असेल तर अमेरिका, दोन म्हणजे कॅनडा, तीन म्हणजे मेक्सिको. आकडा तीन होता. तरुण म्हणाला, की गाडीची कल्पना इथली आहे, आत्मा इथला आहे. ऑगीने विचारले, की मग देह तिकडे कशासाठी पाठवला. दुसरा पर्याय होता एक अवजड पिकअप: इथली, युनियनच्या हातांनी बांधलेली, शंभर नंबरी. ऑगीने पायरीवर पाय ठेवला, गुडघ्याने नकार दिला, आणि तो त्या निष्कलंक गाडीच्या दाराला लोंबकळत राहिला. तरुणाने त्याला अदबीने खाली उतरवले.

शुक्रवारी त्याने मासे खाता खाता हा पेच मांडला. टेबलावर एकच गदारोळ झाला. गुडघ्याची शस्त्रक्रिया कर पण पिकअप घे, असे एकाचे म्हणणे. आकडा वाचूच नकोस, असे दुसऱ्याचे. ऑगीने मुलीच्या कारखान्याचे नाव काढले, तसा वर्न स्टुकीने काटा खाली ठेवला. वर्न म्हणजे चाळीस वर्षे ऑगीच्या शेजारी उभा राहून चाके बसवणारा माणूस.

"ऑगी, अरे तिथे युनियन नाही," वर्न म्हणाला. "युनियन आणायला दोनदा मतदान झालं, दोनदा हरले. कुठे बनते ते सोड, कोण बनवतं ते बघ की."

हे खरे होते. ऑगी उठला, काठी टेकत आवारात गेला आणि साखळीच्या आत उभ्या असलेल्या एकेका गाडीच्या काचेवर वाकू लागला. लोक कागदी ताटल्या हातात घेऊन मागोमाग बाहेर आले. तीन. एक. तीन. दोन. तीन. कोणीतरी हसले आणि आपल्याच गाडीपाशी गप्प झाले. वर्नच्या पिकअपशी ऑगी जरा जास्त वेळ वाकून राहिला.

"तीन आहे, वर्न."

"नाव वाच ना लेका. आकडा काय वाचतोस?"

"इतकी वर्षं नावच वाचत होतो."

वर्नने पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवला. आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. ऑगीला त्याची कीव आली, आणि त्याहून थोडी अधिक स्वतःची. परक्या म्हणून आपण ज्या गाड्या रस्त्यापलीकडे पिटाळल्या, त्यांतल्या निम्म्या याच राज्यात पोटासाठी राबणाऱ्या माणसांनी बनवल्या होत्या. साखळीच्या आत जे मानाने उभे होते, ते मालकाने कधीच बाहेर नेलेले काम होते.

घरी येऊन त्याने डेनीसला फोन लावला. हवामान झाले. मग त्याने विचारले, की ती कारखान्यात नक्की काय करते. हा प्रश्न त्याने तिला कधी विचारला नव्हता.

"दारं बसवते," डेनीस म्हणाली. "का?"

त्याने सांगितले, की तिच्या कारखान्यातली लहान गाडी घेण्याचे मनात आहे.

"माझी समजूत काढायला गाडी घेऊ नकोस, बाबा. फुलं स्वस्त पडतात."

"वर्न म्हणतो, तुमच्याकडे युनियन नाही."

"मी दोन्ही वेळा युनियनच्या बाजूनेच मत दिलं. पत्रकं वाटली. सुपरवायझरने वर्षभर रात्रपाळीला टाकलं मला त्यापायी. तू कधी विचारलंस?"

ऑगीने विचारले नव्हते. तो तसे म्हणालाही.

"आणि घेतलीस समज," तिचा आवाज जरा खाली आला, "तर शुक्रवारी लावणार कुठे?"

या प्रश्नात सगळे होते: इर्मा, ते भांडे, चिखलबर्फ. ऑगीला तीन उत्तरे सुचली आणि तिन्ही लबाडीची वाटली. फलक काढून टाकतो म्हणणे सोपे होते. पण मुलीला चालायला लावलेला रस्ता आपल्यापुरता बुजवून टाकणे, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत, सवलत म्हणतात.

"जिथे तुला लावायला लावली तिथे," तो म्हणाला. "गुड फ्रायडेला ये. मी तिथेच थांबतो."

ती येते म्हणाली नाही, येत नाही असेही म्हणाली नाही.

गुड फ्रायडेला ऑगी नव्या गाडीतून हॉलपाशी आला. फलकाशी केशरी जाकिटात वर्न होता. त्याने गाडीचे नाव वाचले, गाडीतला माणूस पाहिला आणि खाली वाकून साखळी सोडली.

"ये आत. तुला कसला नियम, गड्या? गुडघा बघ तुझा."

"इर्माच्या जेवणाला माझ्या पोरीला होता," ऑगी म्हणाला, आणि त्याने चाक पलीकडे वळवले.

ओसाड आवारात तो गाडीतच बसून राहिला. हॉलमध्ये माणसे जात होती, तेलाचा वास रस्ता ओलांडून येत होता. मासे संपत आले असतील असे वाटू लागले, तेव्हा एक गाडी त्याच्या शेजारी येऊन थांबली. डेनीस उतरली. तिने बापाकडे पाहिले नाही. आधी त्याच्या गाडीला एक फेरी मारली. मग त्याच्या बाजूचे दार उघडले, लावले, कान देऊन पुन्हा उघडले, पुन्हा लावले.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या पाळीचं असणार. पण नीट बसलंय."

"एका जागी जरा खडखडतं."

"ते दार नाही. ते तुझे गुडघे."

तिने मागच्या सीटवरून कापडात बांधलेले भांडे काढले. ऑगीने भांड्याचा एक कान धरण्यासाठी हात पुढे केला. एका हातात काठी असताना हे जमणार नाही, हे दोघांनाही दिसत होते. तरी तिने त्याला तो कान धरू दिला. असे ते रस्त्याच्या कडेला आले. ट्रक येत होते. समोरून वर्न साखळी तशीच उघडी टाकून रस्त्याच्या मधोमध आला आणि केशरी बाही उंच करून त्याने दोन्ही बाजूंची रहदारी थांबवली. एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. वर्नने मान वळवली नाही.

ऑगीला ओलांडायला फार वेळ लागला. भांडे त्याच्या बाजूला कलत होते, रस्सा कापडातून त्याच्या नव्या बुटावर ठिबकत होता, आणि डेनीस त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून, अगदी सावकाश चालत होती.