लॅपटॉपातले साहेब

मसाजीच्या घरात लॅपटॉप आला तो हार घालून. तालुक्याच्या पुढाऱ्यांच्या, म्हणजे साहेबांच्या, संस्थेनं शहरातल्या कुठल्याशा कचेरीतले जुने, वापरून टाकलेले लॅपटॉप गोळा केले आणि पुसूनबिसून चाळीस पोरींना वाटले. जवळा बाजार गावात मांडव पडला होता. मसाजी मेंढरं बायकोच्या, भागाबाईच्या, हवाली करून, धुतलेला पटका बांधून पहिल्या ओळीत बसला. पोरीचं, सत्यशीलेचं, नाव पुकारलं तेव्हा साहेबांनी मसाजीच्याही खांद्यावर हात ठेवला. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाच्या खांद्यावर कोण हात ठेवतो हो? माणूस तिथंच विकला गेला.

पण त्या फुकटच्या वस्तूला शेपूट लय लांब होतं. लॅपटॉप उघडला की साहेबांचा हसरा फोटो. वर, दिवसातून दोनदा, त्यांच्या मनाला येईल तेव्हा, साहेब आख्ख्या पडद्यावर उघडायचे, हात जोडून "नमस्कार, मी तुमचाच" म्हणायचे आणि मागं ढोलताशासकट गाणं. तेवढा वेळ दुसरं काही म्हणजे काही चालायचं नाही. शिवाय मुदत संपलेलं अँटीव्हायरस, पत्त्यांचे खेळ, साड्यांच्या जाहिराती, त्या कचेरीचं हजेरीचं कसलं तरी लचांड. एवढा पसारा उरावर घेऊन ते म्हातारं मशीन चालू व्हायलाच पंधरा मिनिटं घ्यायचं.

सत्यशीला बीएस्सी झालेली, चिवट पोरगी. बाकीचा पसारा तिनं एका दुपारी काढला. साहेब मात्र जाईनात. काढून टाकले की मशीन पुन्हा चालू करेपर्यंत हजर. आठ दिवस डोकं लावल्यावर तिला सापडलं, की साहेबांच्या मागं दुसरंच एक बिननावाचं सॉफ्टवेअर लपवलंय आणि साहेब गेले की त्यांना परत आणून बसवायचं, एवढंच त्याचं काम. तिनं आधी त्याला उपटलं, मग साहेबांना. त्या दिवशी लॅपटॉप मिनिटात चालू झाला. पडदा नुसता निळा, मोकळा. पोरगी खुदकन हसली.

आता हे सगळं कशासाठी, तर संभाजीनगरच्या एका कंपनीत नोकरी होती. पहिली परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर द्यायची, गुरुवारी अकरा वाजता. इकडं डोंगरकडा गावचं स्थळ दोन महिन्यांपासून ताटकळत होतं आणि मसाजीनं पोरीला शब्द दिला होता, "पास झाली तर खुशाल नोकरी कर. न्हाई तर मंग त्या पावण्यायला हो म्हनायचं." सत्यशीला कबूल झाली होती. तिनं आईबापाला समोर बसवून सांगितलंही होतं, "दीड तास खोलीत कुणी यायचं न्हाई. पडद्यावर दुसरं काही उघडलं की परीक्षा तिथंच बंद. पुन्हा देता येत न्हाई." भागाबाईनं मान हलवली. मसाजीनंही हलवली.

सोमवारी विश्वंभर आला. हा साहेबांचा कार्यकर्ता. साहेबांचा वाढदिवस जवळ आला होता, तेव्हा चाळीस पोरींचे उघड्या लॅपटॉपसह फोटो काढत फिरत होता. सत्यशीलेनं लॅपटॉप उघडला. विश्वंभरनं निळा पडदा बघितला, फोटो काढलाच नाही. चहा पिऊन उठला आणि बाहेर गोठ्यापाशी मसाजीला हळूच म्हणाला, "काका, साहेबाला पुसून टाकलं व्हय? लोकं लवकर इसरतेत."

बस्स, मसाजीच्या काळजात काटा मोडला. त्याच्या कळपात चार शेळ्या दुसऱ्याच्या, निम्म्या वाटणीनं सांभाळायला घेतलेल्या. त्यांच्या शिंगांना मालकांचा रंग. आपल्याकडं वाढल्या, आपल्याकडं व्याल्या, तरी हिशेब होईस्तोवर तो रंग मसाजीनं कधी खरवडला नव्हता. उलट पावसानं फिका पडला तर पदरचा रंग आणून पुन्हा लावायचा. खूण पुसणं म्हणजे चोरी, एवढं त्याला लहानपणापासून कळत होतं. आणि आपल्या पोरीनं साहेबांची खूण पुसली. तिला बोलावं, तर ती शिकलेली, चार गोष्टी सांगून गप्प बसवील. मग मसाजीनं त्याच्या अकलेनं मार्ग काढला. अक्कल कसली, डोंबलाची.

बुधवारी सत्यशीला ओळखपत्राची प्रत काढायला वसमतला गेली. भागाबाई मेंढरांकडं. मसाजीनं लॅपटॉप धोतराच्या पानात गुंडाळला, लेकरू घ्यावं तसा उराशी धरला आणि जीपनं जवळ्याला विश्वंभरच्या ऑफिसात नेला. घरात कुणापासून काय लपवायचं, म्हणून पोरीनं पासवर्डसुद्धा ठेवला नव्हता.

"साहेबाला परत बसवा," मसाजी म्हणाला. "पोरगी नादान हाय. मनावर घेऊ नका."

विश्वंभर खूश झाला. त्यानं एक बोटाएवढी काडी मशीनला लावली, दहा मिनिटं काहीबाही केलं. "झालं काका. आता नेट लागलं की साहेब आपोआप येतील."

मसाजी उठता उठता थांबला. "उद्या तिची परीक्षा हाय. यानं काही तकलीफ तर व्हनार न्हाई ना?"

"साहेबामुळं कुनाचं वाईट झालंय का आजवर?"

मसाजीला ते पटलं. पटायचंच. संध्याकाळी पोरगी आली तेव्हा लॅपटॉप जागच्या जागी होता. नेट उद्यासाठी राखून ठेवायचं म्हणून तिनं ते जोडलं नाही, नुसता उतरवून ठेवलेला अभ्यास चाळला. पडदा निळाच होता.

गुरुवारी मसाजीनं भागाबाईला मेंढरं देऊन लांबच्या माळावर धाडलं, कुत्रं बांधलं, दारात येणाऱ्याला हातानंच परत फिरवलं. खोलीच्या दाराबाहेर राखण करत बसला. आतून बटणांचा टकटक आवाज येत होता. पाऊण तास झाला असेल, आणि ढोलताशा वाजला. "नमस्कार, मी तुमचाच..."

खोटं कशाला बोला, मसाजीला बरं वाटलं. साहेब आले होते. तो सावरून बसला. तेवढ्यात गाणं मध्येच तुटलं. मग काहीच ऐकू येईना. बटणंसुद्धा नाहीत.

सत्यशीला दारात आली. "परीक्षा बंद झाली," ती म्हणाली. "कुनी घातलं ते परत?"

मसाजी खोटं बोलला नाही. "मीच नेलता काल जवळ्याला. खाल्ल्या मिठाला जागावं मनून..."

"मी सांगितलं होतं, आबा. दुसरं काही उघडलं की बंद. तुमच्या समोर बसून सांगितलं होतं."

"ते आपून होऊन उघडतंय, हे मला काय ठाव?"

"सहा महिने दिवसातून दोनदा उघडत होतं. याच घरात." तिचा आवाज चढलाच नाही. चढला असता तर मसाजीला सोपं गेलं असतं. "डोंगरकड्याचंच करायचं होतं तर तोंडानं सांगायचं. जवळ्याला जायाची तकलीफ काहून घेतली?"

"त्यासाठी न्हाई, बाई. तुझ्या गळ्याची आन."

तिनं ऐकून घेतलं आणि चूल पेटवायला बसली. दुपारी भागाबाई आली, पोरीकडून सगळं ऐकलं, मग नवऱ्याजवळ येऊन खालच्या आवाजात विचारलं, "खरं सांगा, मुद्दाम केलं व्हय?" तीस वर्षं एका ताटात जेवलेली बायको. मसाजीला त्या प्रश्नानं जे झालं ते पोरीच्या बोलण्यानंही झालं नव्हतं. तिथंच तो ओक्साबोक्शी रडला. दोघींपैकी कुणी त्याला गप केलं नाही.

डोळे पुसून तो पोरीपाशी गेला. "सत्ते, मी डोंगरकड्याला न्हाई मनून कळवतो. माझा शब्द मी माघारी घेतो. पुढच्या साली दुसरी परीक्षा दे. मी त्या डब्याला हात लावनार न्हाई."

"नका कळवू. बोलवा त्यायला." ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "तितं माझं वाईट जे करतेल, ते निदान परके असतेल."