परक्या देवीची ओटी

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पिशवीत कायम एक ओटी असते. खण, पावशेर तांदूळ, हळकुंड, सुपारी. परक्या गावात कुठली देवी भेटेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बेंबळीहून तुळजापूरला निघाल्या काय नि जर्मनीला निघाल्या काय, पिशवी तीच. विमानतळावरच्या पोरीनं तांदळाची पुरचुंडी उलटीपालटी करून पाहिली, तेव्हा आत्याबाई तिला म्हणाल्या, "बघ बाई, आंबेमोहोर हाय." मी सून असल्यानं दुसरीकडे बघणं मला चांगलं जमतं.

ओटी बाळगायची त्यांनी, भरायची मात्र मी. चार वर्षांपूर्वी मामंजी गेले तेव्हापासून हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतला. मी धाराशिवच्या शाळेत विज्ञान शिकवते. मला तो पटणं शक्यच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोहाळजेवणात मी हट्ट धरला, पहिली ओटी आत्याबाईच भरतील. भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली. आत्याबाईंनी भरली. नवव्या दिवशी बाळ पोटातच गेलं. नाळेला गाठ बसली होती. डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं, मी तो कागद आत्याबाईंना दाखवला. त्यांनी पाहिला, घडी घातली आणि परत दिला. त्यानंतर त्यांनी मला साधं हळदीकुंकूसुद्धा लावलं नाही.

आता मला पुन्हा पाचवा महिना होता. निघायच्या आधीच त्यांनी चुलत सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, "डोहाळजेवणाला ओटी तुमीच भरा. म्या सैपाकघरात बसते." मला संताप आला. मला आई नाही. दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी आले, तेव्हा महिनाभर माझं डोकं याच बाईच्या मांडीवर होतं. मला ओटी हवी होती ती तिच्या हातची, दुसऱ्या कुणाच्या नाही. पण हे बोलायला गेलं की त्या उठून भाजी निवडायला बसायच्या.

माझी नणंद आरोही तिकडे नोकरीला आहे. तिनं तिकिटं पाठवली, डॉक्टरांनी विमानाला हो म्हटलं आणि आम्ही निघालो. चौथ्या दिवशी तिनं आम्हाला प्राचीन कलेच्या संग्रहालयात नेलं. कृष्णराज, म्हणजे माझा नवरा, दारातल्याच तलवारींपाशी अडकला. आम्ही तिघी पुढं गेलो. उघड्यावाघड्या संगमरवरी पुरुषांची रांग लागली तशी आत्याबाईंनी पदर पुढं ओढला. "एवढी थंडी इथं, आन् एकाच्या अंगावर चिंधी न्हाय," त्या म्हणाल्या. आरोही हसून हसून बाकावर बसली.

आतल्या लहान दालनात ती होती. दगडाच्या आसनावर बसलेली बाई. डोकं नाही, उजवा हात कोपरापासून गेलेला. मांडीवर तान्हं मूल. काच नव्हती, नुसता एक दोर आडवा लावला होता.

"ही कोण गं?" आत्याबाईंनी विचारलं.

आरोहीनं पाटी वाचली. "कुठल्या तरी बेटावर सापडली, आई. नाव माहीत नाही. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका हिच्याकडे यायच्या, असं लिहिलंय."

"भंगलेली मूर्ती पुजत न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. मग वाकून बघत राहिल्या. "पर लेकरू धड हाय. बोटंसुदिक शाबूत हायत. समदं सोताच्या अंगावर घेतलं बाईनं."

त्या पिशवीत हात घालू लागल्या. मी सवयीनं हात पुढं केला, म्हटलं आता मला भरायला लावणार. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"मागणं माझं हाय," त्या म्हणाल्या. "हात बी माझाच पायजे."

आणि दोराखालून वाकून त्यांनी मूर्तीच्या पायाशी खण ठेवला, त्यावर हळकुंड, सुपारी आणि ओंजळीनं सगळे तांदूळ. कुठंतरी घंटी वाजायला लागली. पहारेकरी बाई धावत आली. उंच, पिकल्या केसांची. आरोही तिच्याशी भराभर जर्मनमध्ये बोलायला लागली, तिचे कान लालभडक झाले होते. मला लाज वाटायला हवी होती. मला रागच आला.

"आत्याबाई, हिचा नवरा कोण ते ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही. हिची ओटी तुम्ही भरली. मग माझी का नाही?"

"ती दगडाची हाय," त्या खाली बघत म्हणाल्या. "माझ्या हातानं तिचं काय वाईट व्हायचंय? तुझं एकदा झालंय."

दोन वर्षांत पहिल्यांदा ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. ते नाळेनं झालं, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी सांगितलं नाही.

पहारेकरी बाईनं आरोहीचं ऐकून घेतलं होतं. ती काही रागावली नाही. हातमोजे घालून तिनं सगळं गोळा केलं, दाणा न् दाणा, आणि आत्याबाईंसमोर धरलं. आत्याबाईंनी देवळात पुजाऱ्यापुढं धरतात तसा पदर पसरला. तिनं त्यात खण आणि तांदूळ हलकेच सोडले.

मी ओढणी पसरून आत्याबाईंच्या पुढ्यात उभी राहिले.

"अगं, आरोही भरंल की. ती सवाशीण हाय."

"मला तुमच्या हातची पाहिजे."

"आन् पुन्ना काय झालं तर?" त्यांनी पदर गच्च धरला. "तर म्या काय करू, अर्पिता?"

"झालं तर दोघी मिळून रडू. मागल्या खेपेला मी तुमच्या मांडीवर रडले, आणि तुम्ही गोठ्यात जाऊन एकट्या रडत होता. मला ठाऊक आहे."

मग एका हातानं पदर सावरत त्यांनी खण माझ्या ओढणीत ठेवला, हळकुंड ठेवलं, सुपारी ठेवली आणि तांदळाची पहिली मूठ भरली. मूठ सोडताना निम्मे दाणे त्या चकचकीत फरशीवर सांडले. दुसरी मूठ. तिसरी.

पहारेकरी बाई दाणे वेचायला पुन्हा खाली वाकली.

"आरोही, तिला म्हणावं थांब जरा," आत्याबाई म्हणाल्या. "अजून दोन मुठी ऱ्हायल्यात."