क्षमाचा खर्ज

उमाकांतने जुनी फियाट घेतली तेव्हा प्रमोदिनीने बसवनगुडीतल्या सगळ्या ओळखीच्या घरांत पेढे वाटले, आणि वर्ष उलटायच्या आत त्याच गाडीला ती मनातल्या मनात सवत म्हणू लागली. गाडी बिचारी काय करणार? दोष गाडीतल्या रेडिओचा होता. आणि खरं सांगायचं तर रेडिओचाही नव्हता. धारवाड केंद्रावरून महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी गाणाऱ्या क्षमाचा होता.

क्षमा म्हणजे उमाकांतला सांगून आलेली पहिली मुलगी. तिने गाऊन दाखवलं, मुलाला पसंत पडली. पण त्याची आई, मालनबाई, म्हणाल्या, रेडिओत गाणारी मुलगी चूल कधी पेटवणार? झालं, स्थळ मोडलं. मग मिरजेची प्रमोदिनी सून होऊन बंगळुरास आली. चूल तिला उत्तम पेटवता येत होती आणि गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ही सगळी हकीकत मालनबाईंनीच तिला शेंगा सोलता सोलता सांगितली होती, वर उपकार केल्याच्या थाटात.

घरच्या रेडिओवर क्षमाचं नाव निघालं की मालनबाई बटण फिरवत. म्हणून ऐकणं गाडीत. लालबागेच्या कडेला गाडी उभी करायची, काचा वर करायच्या. उमाकांत दर वेळी प्रमोदिनीला सोबत न्यायचा. चोरी म्हणावी तर बायको शेजारी बसलेली, आणि नाही म्हणावं तर गाणं संपेपर्यंत बायको आहे की उतरून गेली याची त्याला शुद्ध नसायची. भांडायलासुद्धा मेल्याने जागा ठेवली नव्हती.

रेडिओखालचा कंपनीचा स्पीकर खरखरायचा. प्रमोदिनीला ती खरखर फार आवडायची. क्षमाबाई पत्र्याच्या डब्यात बसून गातायत असं वाटायचं, आणि डब्यातल्या बाईचा काय मत्सर करायचा?

एका गुरुवारी उमाकांत म्हणाला, "रेडिओ चांगला आहे, तो तसाच ठेवतो. स्पीकर बदलतो. यात तिचा खर्ज ऐकूच येत नाही."

तिचा. नाव नाही, क्षमाबाईंचा नाही, तिचा. त्या दिवशी प्रमोदिनीने आमटीत दोनदा मीठ घातलं, एकदा चुकून आणि एकदा मुद्दाम.

नवे स्पीकर आले ते एक नव्हे, दोन. एक त्याच्या दारात बसवायचा, एक हिच्या. देवाप्पा सुताराने दारांच्या आतल्या पुठ्ठ्यांना गोल भोकं पाडून दिली. "अक्का, स्वल्प मागे सरा, भुसा उडतोय," एवढंच तो बोलला आणि गेला. पुढचं काम उमाकांतने स्वतः केलं. टेलिफोनच्या कारखान्यात तो यंत्रं तपासायच्या खात्यात होता. तारा म्हटल्या की त्याला तहानभूक आठवत नसे. प्रमोदिनी बॅटरीचा उजेड धरून उभी राहिली.

"हे बघ, इथे तांबडा ठिपका आहे. तांबडी तार इथेच लावायची, दोन्ही दारांत. मग दोन्ही स्पीकर एकदम पुढे हलतात, एकदम मागे येतात. एकाच्या तारा उलट्या लागल्या तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. आवाज येतो, पण पोकळ."

"म्हणजे खर्ज जातो?"

"पहिला तोच जातो," उमाकांत खुशीत म्हणाला. बायकोला यात गोडी वाटते, याचंच त्याला कौतुक.

इतकं लक्ष देऊन तिने स्वतःच्या लग्नातली मंगलाष्टकंही ऐकली नव्हती. जोड पक्का करायला शिशाचा डाग द्यायचं सामान मित्राने नेलं होतं, म्हणून तारा तेवढ्या पिळून ठेवल्या. बुधवारी दुपारी तो कामावर आणि मालनबाई झोपलेल्या असताना प्रमोदिनीने आपल्या दाराचे स्क्रू काढले, दोन तारांची अदलाबदल केली आणि सगळं होतं तसं बसवलं. करंजीची कड मुरडावी इतक्या निगुतीने.

गुरुवारी क्षमा गायला लागली. वरचे सूर आले. खाली उतरली तेव्हा मात्र काहीच आलं नाही. बाई जिन्यावरून उतरता उतरता मध्येच नाहीशी झाली. उमाकांतने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग त्याने प्रमोदिनीच्या दाराकडे एकदा पाहिलं, तिच्याकडे नाही, आणि हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज बसलाय वाटतं बाईंचा," प्रमोदिनी म्हणाली. तिला असा आनंद झाला होता की लपवताना गाल दुखत होते.

"असेल. हवा गार आहे," उमाकांत म्हणाला.

रविवारी डाग द्यायचं सामान परत आलं. आता हा दार उघडणार, तारा बघणार. तिने भांडणाची पूर्ण तयारी केली. तुम्हाला ती हवी होती तर आईपुढे तोंड का उघडलं नाहीत, इथून सुरुवात करायची होती. ओरडला तर ती रडणार होती. हसून त्याने तारा सरळ केल्या असत्या, तर तीही हसली असती आणि विषय संपला असता.

उमाकांतने तिच्या दाराचा स्पीकर काढला. तांबडी तार ठिपक्यावर नव्हती, हे तिला एवढ्या लांबूनही दिसलं. त्यानेही ते बघितलं. मग तारा होत्या तिथेच ठेवून त्यांवर डाग दिला, पक्का, ओढून बघितला, आणि स्क्रू आवळले.

"अहो, ते उलटं आहे ना?" न राहवून ती म्हणाली.

"राहू दे," उमाकांत म्हणाला. "तुला असंच बरं वाटतंय ना? मग राहू दे."

शेजाऱ्याचा रेडिओ जरा खरखरला तरी भिंतीपलीकडून उठून तो नीट करायला जाणारा हा माणूस. प्रमोदिनीच्या मनासारखं झालं होतं. क्षमाचा खर्ज कायमचा गेला होता, आणि तोही नवऱ्याने आपल्या हाताने घालवला होता. ती गाडीत जाऊन आपल्या जागेवर बसली. नुसतं गाणंच असतं, गाणारीचं काही नसतं, तर याने हसून तार सरळ केली असती, असं तिला वाटलं, आणि मग ते मनातून जाईना.