गाऱ्हाण्याचा दगड

इल्वारच्या चौकात गाऱ्हाण्याचा दगड होता आणि त्याच्या मधोमध टोपलीएवढा खळगा होता. तो कुणी कोरलेला नव्हता. नऊशे वर्षं अन्याय झालेली माणसं तिथे येऊन बसली, बसून बसून दगड झिजला. नियम साधा होता: दगडावर जो बसेल त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि तो उठेपर्यंत पाचही पंचांनी समोर उभं राहून त्याचं ऐकायचं. दगड पवित्र होता तो एवढ्यासाठीच.

मेर्शा डोंगरातून उतरून आली, तेव्हा दगडाभोवती कठडा होता. वर रेशमी छत, खळग्यात फुलं, आणि नमस्कार करायला ही लांब रांग.

तिचा नवरा तोव्हीन मिठाच्या खाणीत एका वर्षाच्या वेठीवर गेला होता. त्याला आता दोन वर्षं होत आली. मुकादम म्हणे, पंचांचा हुकूम आणा. पंच म्हणत, मुकादमाला विचारा. या टोलवाटोलवीत मागच्या महिन्यात तिने तोव्हीनला लांबून पाहिलं, तर तो खोकताना रक्त थुंकत होता. खाणीतला आणखी एक हिवाळा तो काढणार नाही, हे कळायला वैद्य लागत नव्हता.

कठड्याशी यारकू नावाचा रखवालदार होता. तिला वाट अडवून तो समजुतीने म्हणाला, "आता बसायचं नाही, बाई. लांबून हात जोडायचे. फार प्राचीन आहे तो."

"ठाऊक आहे मला. माझी पणजी बसली होती त्याच्यावर."

"म्हणून तर झिजला ना!"

मग त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की येत्या सणाला पंच हा खळगा चांदीने भरून सपाट करणार आहेत. सोनार मापं घेऊनही गेला.

मेर्शाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्यामुळे उभं राहावं लागतं असा दगड पंचांना नकोच होता. हात जोडले की काम भागतं, असा हवा होता. एकदा देव करून टाकला की कटकट मिटली! किती गोड बोलून गळा कापला होता मेल्यांनी, आणि गाव खुळ्यासारखं फुलं घेऊन रांगेत उभं होतं.

तिने घागरा खोचला, कठड्यावरून पाय टाकला आणि फुलांसकट खळग्यात बसली.

यारकू हात उगारून धावला. रांगेतली एक म्हातारी त्याला शांतपणे म्हणाली, "बसली आहे ती. हात लावू नकोस." यारकूचा हात खाली आला.

पाचही पंच जेवणावरून उठून आले. थोरले पंच ओब्रेक यांच्यामागून एक नोकर चौरंग घेऊन येत होता. नमस्काराचं सोडून रांगेतले सगळे त्या चौरंगाकडेच बघत राहिले. ओब्रेकनी तो परत पाठवला.

"पोरी, हा देव आहे," ते म्हणाले. "देवाच्या डोक्यावर बसतेस?"

"देव असेल तर ऐकतोय. तुम्हीही ऐका."

मग तिने पहिल्यापासून सांगितलं. तोव्हीन कधी गेला, वर्ष कधी भरलं, कोणत्या पंचाने कोणत्या दिवशी तिला दारातून काय सांगून परतवलं, सगळं एकेकाकडे बघून. धाकटे पंच तर फुलांकडेच बघत राहिले. रक्ताची गोष्ट सांगताना तिचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते रागाचं होतं आणि तिने ते पुसलं नाही. रांगेतल्या लोकांनी हातातली फुलं कधीच खाली टाकली होती.

"ऐकलं," ओब्रेक म्हणाले. "चौकशी करू. आता ऊठ."

मेर्शा हलली नाही.

"मी उठले की तुम्ही बसाल," ती म्हणाली. "तोव्हीनला इथे आणा. मग उठते."

खाण एका दिवसाच्या वाटेवर होती. ओब्रेकनी वर उन्हाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. त्यांचे गुडघे आत्ताच कापू लागले होते. त्यांनी स्वार धाडायला सांगितलं, आणि सगळ्यात वेगवान घोडा द्या, हेही कुणी न विचारता सांगितलं.