निळ्या इंजिनातला आवाज

दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सोफ्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, जिथे टेकता येईल तिथे माणसं टेकली होती आणि सगळ्यांचे डोळे मधल्या मोठ्या टेबलावर खिळले होते. टेबलावर नानांची खेळण्यातली रेल्वे होती. खेळण्यातली म्हटलेलं नानांना आवडायचं नाही, पण नाना आता रागवायला नव्हते. चिमुकलं स्टेशन, बोगदा, पूल, शेडमध्ये मालगाडीचं बुटकं इंजिन आणि फलाटाला लागलेलं नानांचं लाडकं निळं इंजिन.

टेबलाच्या डोक्याशी महाराज बसले होते. मागे त्यांचा शिष्य, खांद्याला झोळी, चेहऱ्यावर आदल्या दिवशी घासून ठेवल्यासारखी शांती.

"हे रूळ नव्हेत," महाराज साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाले, "इहलोक-परलोकाला जोडणाऱ्या या दोन नाड्या आहेत! यांच्या कंपनांवर आत्मा स्वार होतो. विज्ञान आज जिथे निघालंय, तिथून आमचे गुरू कधीच परत आलेत!"

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं. काय कळलं म्हणून वा म्हणालं, ते त्याचं त्याला माहीत.

"विचारा आई. ते ऐकताहेत."

आईने पदर सावरला, टेबलावर वाकली आणि शेजारच्या खोलीतल्या नवऱ्याला विचारावं तसं विचारलं, "अहो, मी ऑपरेशन करून घेऊ का?"

क्षणभर काहीच झालं नाही. मग निळं इंजिन थरथरलं आणि त्याच्या पोटातून नानांचा आवाज आला. "थां... थां... थांबा! थांबा! पुढे धोका आहे."

बायकांनी तोंडाला पदर लावले. आई रडत होती आणि रडताना हसत होती.

नेमकी त्याच वेळी लेक दारात येऊन उभी राहिली, हातात प्रवासाची बॅग. परगावी ती शाळेत विज्ञान शिकवायची. आईच्या छातीत गाठ होती, डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला होता आणि आईला दवाखान्यात न्यायला ती आली होती. वडलांचा आवाज कानावर पडला. बॅग खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. खोटं कशाला सांगा, त्या घडीला ती विज्ञान शिकवणारी बाई नव्हतीच, बाप गेलेली पोर होती.

"अडखळतोय, ऐकलंत?" महाराजांनी डोळे उघडले. "यातना होताहेत आत्म्याला. तुमच्या अंगाला सुरी लागली, तर जखम यांना होईल. आमचं मंतरलेलं पाणी घेत राहा. गाठ लोण्यासारखी विरघळेल."

आईने पुन्हा विचारलं, इंजिन पुन्हा तेच बोललं. आणि शेवटी, वाक्य संपल्यावर, नाना बारीकसे खोकले. मघाशीही तिथेच खोकले होते. लेकीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गेलेल्या माणसाला खोकला, आणि तोही दर वेळी त्याच जागी?

रात्री धाकट्या भावाने सगळं सांगितलं. नाना गेल्यावर आईने अन्न सोडलं होतं. भेटायला आलेल्या कुणीतरी महाराजांना आणलं. पहिल्यांदा आवाज आला, त्या दिवशी आई पोटभर जेवली. "मग मी कशाला चौकशा करत बसू, ताई? तू होतीस कुठे?"



सकाळी आई अंघोळीला गेल्यावर ती टेबलापाशी बसली. लहानपणी रूळ पुसायचं काम तिचंच असायचं. तिने फडक्याला स्पिरिट लावलं आणि एकेक रूळ पुसला. फडकं काळंकुट्ट झालं. इंजिनाची चाकंही पुसली. नानांचा एक रिमोट टेबलाच्या कडेला खुंटीवर होता. शेजारची खुंटी मात्र रिकामी होती. नानांकडे रिमोट दोन होते.

तिने रुळांना वीज देणारा कंट्रोलचा डबा चालू केला आणि रिमोटचं एकेक बटण दाबत गेली. दिवा लागला. शिट्टी वाजली. मग, "थांबा! थांबा! पुढे धोका आहे." एकदाही न अडखळता. आत्म्याच्या यातना फडक्याने पुसल्या गेल्या होत्या. तिने पुढचं बटण दाबलं. "चला, चला, बसून घ्या, गाडी सुटते आहे!"

ती टेबलावर डोकं ठेवून रडली.

भाऊ मागे येऊन उभा होता. त्याला ती समजावू लागली. इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पट्टी असते, तिला डिकोडर म्हणतात. वीज आणि हुकूम, दोन्ही तिला रुळांतूनच मिळतात. प्रत्येक इंजिनाला नंबर असतो, रिमोट त्या नंबराला हुकूम सोडतो. आवाजही त्या पट्टीत भरून ठेवता येतात. रुळावर मळ असला की वीज तुटते, पट्टी भानावर येऊन वाक्य पहिल्यापासून सुरू करते. म्हणून थां, थां, थां.

भावाने दुसऱ्या बटणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ताई, संध्याकाळी लोक जमतील. आईने विचारलं की तू हे दुसरं बटण दाब. नाना चला म्हणतील. आई उद्या मुकाट्याने दवाखान्यात येईल. कुणाचं काय बिघडलं?"

तिचा अंगठा बटणावर गेला. आईचा जीव वाचत होता, तोही एका बटणावर. कुणालाही मोह पडला असता, तिलाही पडला. अंगठा तिथेच राहिला, मग तिने तो काढून घेतला.

"आज मी नानांच्या तोंडून चला म्हणवलं," ती म्हणाली, "तर उद्या कुणीही त्यांच्या तोंडून काहीही म्हणवेल. आई आपल्या मनाने आली पाहिजे."

"आणि नाही आली तर?"

"माहीत नाही रे."

तिने एकच केलं. निळ्या इंजिनाचा नंबर बदलला आणि त्याचा जुना नंबर मालगाडीच्या बुटक्या इंजिनाला दिला.

संध्याकाळी गर्दी आणखी वाढली होती. महाराजांनी डोळे मिटले, नाड्या जुळवल्या, आईने प्रश्न विचारला. निळं इंजिन ढिम्म. महाराजांनी जरा मोठ्याने आत्म्याला साद घातली. तेवढ्यात शेडमधून बुटकं इंजिन भोंगा वाजवत बाहेर आलं आणि मोकळा डबा ओढत बोगद्यात शिरलं. एक लहान मुलगी खुदकन हसली.

महाराज क्षणभरच चपापले. "पाहिलंत? आत्म्याने वाहन बदललं!"

आणि गंमत म्हणा की दुर्दैव, माना डोलल्या. "बदललं, बदललं," असं लोक एकमेकांना सांगू लागले.  या माणसांना फसवायला महाराजांचीही गरज उरली नव्हती.

लेकीने पुढे होऊन कंट्रोलचा डबा बंद केला. इंजिन बोगद्यातच थांबलं. खोली शांत झाली आणि त्या शांततेत शिष्याच्या झोळीतून पीप, पीप, पीप असा आवाज येऊ लागला. डबा बंद झाला की चालू असलेला रिमोट असा ओरडून त्याला शोधतो. शिष्याने झोळी पोटाशी धरली, तिच्यावर हात दाबले, पण आवाज काही दबेना.

"काढा बाहेर," लेक म्हणाली. "तुमचा आत्मा केव्हाचा बोलावतोय."

शिष्याची पाचावर धारण बसली. त्याने नानांचा दुसरा रिमोट टेबलावर ठेवला. महाराजांबरोबर पहिल्यांदा आला तेव्हा सहज हातात घेतला होता, त्याने सांगितलं, बटण दाबलं गेलं नि आवाज आला. पुढचं सगळं महाराजांनी सुचवलं. आज निळं इंजिन बोलेना, तेव्हा त्याने घाबरून सगळीच बटणं दाबली होती.

"मी याला ओळखतही नाही!" महाराज उठले. कालपर्यंत तो त्यांचा मानसपुत्र होता.

लेकीने डबा पुन्हा सुरू केला, निळ्या इंजिनाकडे वळून विचारलं, "नाना, महाराज खरं बोलतात का?" आणि बटण दाबलं. "थांबा! थांबा! पुढे धोका आहे." या वेळी सगळी खोली हसली. महाराज हसू ओसरायच्या आत दाराबाहेर होते.

आई हसली नव्हती. लोक गेल्यावरही ती खुर्चीत तशीच बसून होती.

"समाधान झालं तुझं?" ती म्हणाली. "तेवढं एक उरलं होतं माझ्याकडे. तेही काढून घेतलंस."

"आवाज नानांचाच आहे, आई. तो कुणी नेला नाही. पण नाना त्यात नाहीत. त्यांना तुझ्या गाठीचं काहीच ठाऊक नाही."

तिने रिमोट आईच्या हातात दिला. आईने हातात उलटासुलटा केला, मग बटण दाबलं. आवाज आला, शेवटी तो खोकला आला. आईने डोळे मिटले.

"सर्दी झाली होती त्यांना," ती हळूच म्हणाली. "इथेच उभे राहून यंत्रात बोलत होते. मी आतून ओरडले, बरं वाटल्यावर बोला, घाई काय आहे. मला आठवत होतं गं सगळं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं. मला ते आठवायचं नव्हतं."

लेक तिच्या पायाशी बसली. भाऊ दाराशी उभा राहून डोळे पुसत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी गाठ तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. गाठ वाढली होती. आधी जेवढं कापावं लागलं असतं, त्याहून आता बरंच जास्त कापावं लागणार होतं. पाण्याने ती विरघळली नव्हती, पाण्याने फक्त वेळ खाल्ला होता.

"मी वाचेन का?" आईने विचारलं.

"माहीत नाही, खात्री देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आज केलं तर आशा चांगली आहे. उद्यापेक्षा आज नक्कीच."

 आई लेकीला म्हणाली, "हा माणूस माहीत नाही म्हणाला. ऐकलंस? इतक्या दिवसांत मला कुणी माहीत नाही म्हटलंच नव्हतं." आणि तिने सहीसाठी पेन मागितलं.

ती आत गेली आहे. बाहेर बाकावर लेक आणि भाऊ बसले आहेत, आणि पुढे काय होईल ते त्यांनाही माहीत नाही. तुमच्या घरात गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला, तर जरूर रडा, त्यात लाज कसली? पण त्या आवाजाने हुकूम सोडला, तर डोळे पुसा आणि आधी बघा, रिमोट कुणाच्या झोळीत आहे.