एका सुरीवरचे दोन हात

झुम्रदने फळीवरची सगळ्यात स्वस्त सुरी उचलली, पात्यावर टिचकी मारली आणि कानाशी धरली. आवाज बसका आला. तिने ती ठेवून दुसरी घेतली.

"तिचाही घसा बसलाय," ऐरणीमागून म्हातारे लोहार मदामीन उस्ता म्हणाले. "त्या सगळ्या टरबूज कापायच्या. तुला काय कापायचंय, लेकी?"

"मांस. शिजवून गार केलेलं. घरापुरतंच हो. पण परवडेल अशी दाखवा."

"परवडेल असा जावई माझ्या सासऱ्यानेही शोधला होता. मी मिळालो त्याला."

ती हसली, पण लक्ष सगळं कुशीतल्या गाठोड्याकडे होतं. पहाटे ताश्कंदहून निघून, घाट ओलांडून ती सुऱ्यांसाठी नावाजलेल्या चुस्त गावी आली होती ती दोन कामांसाठी. त्यातलं एकच घरी ठाऊक होतं.

गाठोड्यात तिच्या नवऱ्याची, एर्गशची सुरी होती. अठ्ठावीस वर्षं त्यांची नोरीनची खानावळ त्या सुरीवर चालली होती. नोरीनसाठी घोड्याचं गार मांस आणि उकडलेल्या कणकेचे पापुद्रे इतके बारीक कापायचे की खाणाऱ्याला दोन्ही वेगळे कळू नयेत. असं कापणारा हात मोहल्ल्यात एर्गशचाच. दोन वर्षांपूर्वी तो हात थरथरायला लागला आणि काप बोटाएवढे जाड पडू लागले. दुपारी तो नमाजाला गेला, की झुम्रद पडद्यामागे बसून त्याच सुरीने सगळं पुन्हा बारीक कापायची. तेही डाव्या हाताने, कारण आजीने कितीही छड्या मारल्या तरी तिचा डावखुरेपणा गेला नव्हता. परतताना एर्गश अंगणाच्या दाराशी दोनदा खोकायचा. नवऱ्याच्या खोकल्याचे आभार मानणारी बाई जगात तीच असेल. तेवढ्या वेळात तिचं सगळं आवरून व्हायचं.

"एर्गशचा हात तो एर्गशचाच!" असं गिऱ्हाईक म्हणालं, की तो स्टुलावर ताठ बसायचा. त्या ताठ पाठीसाठी तिने झाकली मूठ झाकलेलीच ठेवली होती.

गेल्या आठवड्यात मात्र तो म्हणाला, "सुरी एका अंगाला ओढतेय गं. मदामीन उस्तांना दाखवून आण. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

कापून झाल्यावर रोज त्या सुरीला धार लावत होता तो तिचाच डावा हात. आपली वेगळी सुरी असली, की त्याची सुरी पुन्हा त्याची होईल, एवढा विचार करून तिने भाजीतून वाचवलेल्या नोटा रुमालात बांधल्या.

तिने गाठोडं सोडलं. उस्तांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि पात्यावरून हळूहळू अंगठा फिरवला.

"हा उजवा हात. जुना, कसलेला. पण इथे टोकाशी दाब सुटतो, थरथरतो बिचारा." अंगठा उलटा फिरला. "आणि त्याच्यावरून दुसरा हात गेलाय. डावा. जपून जातो. आपली खूण राहू नये म्हणून धडपडतो." त्यांनी डोळे उघडले. "साठ वर्षं सुऱ्या करतोय. असा हात चारदाच पाहिला."

झुम्रदच्या अंगावर सर्रकन काटा आला. दोन वर्षं हा म्हातारा तिच्या पडद्यामागे बसून होता की काय! तिने डावा हात ओढणीत लपवला. आश्चर्य ओसरण्याआधीच भीती दाटून आली.

"उस्ता, अल्लाची आण आहे तुम्हाला. त्यांना हे कळू देऊ नका. हात गेलेला सोसेल त्यांना, हे नाही सोसायचं."

उस्ता आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेली एक सुरी घेऊन आले. लांब, निमुळती, नक्षीबिक्षी काही नाही. मूठ शिंगाची, एका बाजूने उतरती. आपल्या न्याहारीतला मांसाचा तुकडा त्यांनी फळीवर ठेवला.

"काप."

तिने उजव्या हातात धरली. मूठ बसेना. इकडेतिकडे पाहून तिने ती डाव्यात घेतली, आणि बोटं आपोआप मिटली. पातं मांसावर ठेवलं, एवढंच तिला आठवलं. काप पडला होता आणि त्यातून फळीच्या रेषा दिसत होत्या. ती बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताला कुणी उलटा म्हटलं नव्हतं.

"ही मला नाही परवडायची," तिने सुरी खाली ठेवली.

"पैसे पोचलेत तिचे."

तेव्हा तिला मुठीजवळ कोरलेली अक्षरं दिसली. झुम्रद.

"उस्ता... मी नाव कुठे सांगितलं तुम्हाला?"

उस्ता भाता ओढू लागले. "मार्चमध्ये हीच जुनी सुरी घेऊन तुझा नवरा आला होता. मी आतासारखीच वाचली. दुसऱ्या हाताचं सांगावं की नाही, पेचात पडलो. तर तोच म्हणाला, 'त्या हाताला एक करून ठेवा.' म्हटलं, स्वतःच ने की. तर म्हणे, 'नको. तिलाच पाठवीन काहीतरी निमित्त करून.'"

झुम्रदने दोन्ही सुऱ्या एकाच फडक्यात बांधल्या. गाठ मारता मारता ती थांबली.

"इथे आले होते तेव्हा त्यांना खोकला होता का हो?"

"खोकला?" उस्तांनी आठवून पाहिलं. "नाही बुवा. दोन तास बसला होता, एकदाही नाही."