ऑइलचा मीटर

मेकॅनिक जिवाने जीपच्या इंजिनाला घट्ट बसलेला ऑइलचा सेन्सर पान्याने सोडवला, चिंधीने पुसला आणि बाजूला ठेवला. त्याच्या जागी पितळी जोड फिरवून त्याने लांब नळी लावली.

"तिथंच का नाही बसवत?" गोवर्धनशेठने विचारलं.

"मीटरचा सेन्सर जड असतो, शेठ. इंजिनावर लोंबत ठेवला तर आपल्या रस्त्यांवर हादरे खाऊन मान मोडंल त्याची. मग सगळं ऑइल रस्त्यावर. नळीनं बाहेर घेतो आणि दोन्ही सेन्सर बॉडीला आवळतो, लाइटचा जुना पण आणि मीटरचा नवा पण."

"आवळ. आणि मीटर असा लाव, की पुन्हा कोणी 'दिसलं नाही' म्हणायला नको."

बोलणं जिवाशी होतं, रोख तुळशीदासवर. तो गॅरेजच्या खांबाशी उभा होता. शेठची ही जीप जव्हार-मोखाडा तोच चालवायचा. दिवाळीच्या तोंडावर चढावर दगड लागून ऑइलचं चेंबर फुटलं, ऑइल गळून गेलं आणि इंजिन जाम झालं. दुसऱ्या दिवशी शेठने त्याला जव्हारच्या स्टँडवर सगळ्यांदेखत धुऊन काढलं. ऑइलचा लाल लाइट लागलेला असताना ह्याने गाडी दामटली, ह्याच्या हातात बैलगाडीसुद्धा देऊ नका, असं म्हणाला. जव्हार ते केवढं! त्यानंतर एकाही मालकाने तुळशीदासला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. तो जामसरला घरी बसून भात झोडत होता.

आज शेठने बोलावलं ते काही माया येऊन नाही. भरलेली जीप त्या वळणांवरून नीट नेणारा दुसरा माणूस त्याला सापडत नव्हता. पण नाक घासून घेतल्याशिवाय चावी देईल तर तो गोवर्धनशेठ कसला!

"बघतोयस ना?"

"बघतोय."

"नुसतं बघू नको. शिक."

तुळशीदासने खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

जिवाने वायरी जोडल्या. मीटर स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला बसला. "इंजिन बंद ठेवून चावी फिरवतो," तो म्हणाला. "काटा शून्यावर राहील आणि लाल लाइट लागंल. लागला म्हणजे जोडणी बरोबर."

चावी फिरली. काटा शून्यावर राहिला. लाइट दिसला नाही.

शेठला आयतंच मिळालं. "बल्बच काढून ठेवलाय हरामखोरानं! म्हणे लाइट दिसला नाही!"

जिवाने डॅशबोर्डच्या मागे डोकं घातलं. "बल्ब पेटलाय, शेठ."

"मग दिसत का नाही?"

जिवा बाहेर आला आणि हात पुसत राहिला. त्याला कोणाशीच वाईटपणा घ्यायचा नव्हता. "वर देवी आहे ना," तो हळूच म्हणाला.

डॅशबोर्डवर पितळी पत्र्यावरची देवी होती, तळहाताएवढी, वाळल्या कुंकवाची. दसऱ्याच्या पूजेला शेठने ती स्वतःच्या हाताने चिकटवली होती.

"तवाच मी बोललो होतो," तुळशीदास म्हणाला. "इथं नको, शेठ, लाइट झाकला जातो. तुम्ही काय बोललात? देवीला जागा तू दाखवणार काय?"

"मग स्टँडवर का नाही बोललास?"

"बोलू दिलंत? आणि बोललो असतो तर लोक म्हणले असते, आपली चूक देवीवर ढकलतो."

आपलं चुकलंय हे शेठला कळलं, म्हणून तर तो आणखी चिडला. त्याने चावी काढून तुळशीदासपुढे धरली. "दुपारची मोखाड्याची फेरी घे. झालं गेलं सोड."

"स्टँडवर बोललात, शेठ. स्टँडवरच सांगा."

शेठ पुढच्या सीटवर जाऊन बसला. तुळशीदासने चावी घेतली. त्याला वाटलं, सांगेल. वाटेत त्याच्या चेहऱ्यावर हुशारीही आली.

स्टँडवर जीप लागताच गाठोडी घेतलेल्या बाया मागे चढल्या. शेजारच्या जीपवरचा बाळ्या खिडकीशी आला. "काय शेठ, परत तुळशाच काय?"

चार ड्रायव्हर जवळ सरकले. तुळशीदास समोर बघत होता. शेठने घसा साफ केला आणि नव्या मीटरच्या काचेवर नखाने टिचकी मारली.

"मीटर बसवलाय. एवढा मोठा काटा आहे, आता तरी दिसेल ह्याला."

सगळे हसले. मागच्या बायाही हसल्या.

तुळशीदासने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला आणि वळसा घालून शेठच्या खिडकीशी आला. चावी त्याने शेठच्या मांडीवर ठेवली.

"लाइट का नाय दिसला, ते ह्यांना विचारा," तो बाळ्याला म्हणाला, आणि जामसरच्या रस्त्याला लागला.

"का हो शेठ?" बाळ्याने विचारलं.

मागे बायांनी गाठोडी मांडीवर घेतली, पोरांना सावरलं आणि त्या गाडी सुटायची वाट बघत बसल्या. शेठने चावी मुठीत धरली होती. त्याला गाडी चालवता येत नाही, हे स्टँडवर सगळ्यांना ठाऊक होतं.